वर्गणी कापली जाते, सभेला कोणी येत नाही: बेळगावच्या एका फाउंड्रीतल्या युनियनचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव शहराच्या कडेला असलेल्या औद्योगिक वसाहतीतली ही मध्यम आकाराची फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतून भाग बनवणारा कारखाना. ओळख पटू नये म्हणून कारखान्याचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, आकडेही थोडे इकडेतिकडे केले आहेत. घटनाक्रम श्रमसंहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी २०२५ मध्ये लागू झालेल्या) येण्याआधीचा आहे. त्यामुळे कायद्याचे संदर्भ त्या वेळच्या कायद्यांचे आहेत.

कायम कामगार १८४, त्यांतले १७१ युनियनचे सभासद. ठेकेदाराकडचे सुमारे ९०, ते कोणीच सभासद नाहीत. खातेवार सभासद असे: मोल्डिंग (वाळूचे साचे बनवणं) ५२, फेटलिंग (ओतलेला भाग घासून साफ करणं) ३८, कोअर शॉप (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवणं) २६ (त्यात १४ बायका), फर्नेस (भट्टी) २२, नॉकआउट (साचा फोडून भाग काढणं) आणि वाळू प्लांट १८, मेंटेनन्स-पॅटर्न-स्टोअर मिळून १५. पाळ्या सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. कोअर शॉप फक्त जनरल पाळीत, साडेआठ ते पाच.

युनियन नोंदणीकृत, १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखालची. वार्षिक विवरण वेळेवर जायचं, हिशेब चोख होता, दर तीन वर्षांनी पगारवाढीचा करार व्हायचा. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. महिना ५० रुपये वर्गणी पगारातून परस्पर कापली जायची. कार्यकारिणी नऊ जणांची: पाच मोल्डिंगचे, दोन मेंटेनन्सचे, एक फर्नेसचा, एक कोअर शॉपचा. फेटलिंगचा एकही नाही. नऊच्या नऊ जण मराठी बोलणारे. फेटलिंगमधले निम्म्याहून जास्त कामगार बैलहोंगल, गोकाक, हुक्केरीकडचे, घरी कन्नड बोलणारे.

अडचण कशी वर आली

आधीच्या करारात फेटलिंगसाठी एक कलम होतं: रोजचं ठरलेलं काम नगावर मोजायचं. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, चार किलोचं असो की अठरा किलोचं, नग म्हणजे नग. हे कलम मान्य करणाऱ्या कार्यकारिणीतल्या कोणीही फेटलिंगच्या ग्राइंडरवर कधी पाळी काढलेली नव्हती. ज्यांच्यावर ते लागू होणार, त्यांना ते सही झाल्यावर नोटीस बोर्डावरून कळलं.

त्या कराराला मंजुरी देणाऱ्या सर्वसाधारण सभेला २३ जण हजर होते. सभा संध्याकाळी साडेपाचला, वसाहतीजवळच्या देवळाच्या सभागृहात. दुसऱ्या पाळीचे लोक त्या वेळी कामावर असतात. पहिल्या पाळीचे तीनला सुटून गावी पोचलेले असतात. कोअर शॉपच्या बायका पाचला सुटतात, पण खानापूर रस्त्याची बस चुकली तर पुढच्या टमटमसाठी अंधार होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे सभेची वेळच अशी, की मोजकी माणसंच येऊ शकतील. कमिटीत मात्र वर्षानुवर्षं एकच वाक्य: लोकांना गरज नाही.

नवा करार आठ महिन्यांवर आला तेव्हा फेटलिंगच्या १९ जणांनी एकाच दिवशी कारखान्याच्या ऑफिसात अर्ज दिले: आमच्या पगारातून युनियनची वर्गणी कापू नका.

पुढ्यातले पर्याय

कार्यकारिणीच्या तीन बैठकांत चार गोष्टींचा विचार झाला.

पहिला: शहरातल्या एखाद्या मोठ्या महासंघाचा नेता अध्यक्ष म्हणून आणायचा. वजन पडेल, मालक दचकेल. २००१ च्या दुरुस्तीनंतर संघटित क्षेत्रात बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जे कमी तेवढेच चालत. नऊच्या कार्यकारिणीत तिघांना जागा होती, तेव्हा कायद्याची अडचण नव्हती. पण १९ जणांची तक्रार मालकाविरुद्ध कमी आणि कमिटीविरुद्ध जास्त होती. बाहेरचा नेता आणून ती मिटली नसती, फक्त एक पायरी वर गेली असती.

दुसरा: नगाच्या कलमावरून थेट काम बंद. तरुणांचा कल इकडे होता. पण करार चालू असताना त्यातल्याच विषयावर संप करणं औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २३ नुसार बेकायदा होतं. ज्या संघटनेच्या सभेला २३ माणसं येतात तिने बेकायदा संपात उतरणं म्हणजे सर्वांत धाडसी दहा-बारा कामगार मालकाच्या हवाली करणं. हा पर्याय फेटाळला गेला हे योग्यच झालं.

तिसरा: काही न करता निवडणुकीपर्यंत थांबायचं. याला कोणी उघड पाठिंबा दिला नाही, पण बरेच दिवस प्रत्यक्षात हेच चाललं होतं.

चौथा: १९ जणांची कपात वाद न घालता थांबवायची आणि त्यांच्याकडून दर महिन्याला हातोहात वर्गणी मागायला जायचं. पगारातून युनियनची वर्गणी कापायला कामगाराची लेखी संमती लागते. ती काढून घेणं हा त्याचा हक्क आहे. दोन ज्येष्ठ सदस्यांना यात कमीपणा वाटला, पण बहुमत चौथ्याच्या बाजूने झालं.

काय केलं

*पहिले दोन महिने.* काम मोल्डिंगच्या एका तरुण सदस्याकडे आलं. तो मराठी शाळेत शिकलेला, पण शाळेत कन्नड विषय होता म्हणून वाचता येत होतं आणि बोलता बऱ्यापैकी येत होतं. पगार सात तारखेपर्यंत होतो, म्हणून आठ ते बारा तारखेच्या दरम्यान तो फेटलिंगच्या जेवणाच्या सुट्टीत जायचा. पहिल्या महिन्यात १९ पैकी पाच जणांनी ५० रुपये दिले. बाकीच्यांनी तोंडावर सुनावलं. दुसऱ्या महिन्यात आठ.

पैसे किरकोळ होते, पण पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींमागे त्याने जे लिहून आणलं ते पाहून कमिटी गप्प झाली. कुठल्या कास्टिंगला किती मिनिटं लागतात. धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या पिशव्या फाटल्यात. हातमोजे पंधरा दिवसांनी मिळतात आणि सहा दिवसांत फाटतात. पगारातून आपोआप वर्गणी देणाऱ्या १५२ सभासदांकडून तीन वर्षांत यातलं काही आलेलं नव्हतं. कारण त्यांच्याकडे कोणी जातच नव्हतं. कपात सुरू झाल्यापासून पैसा नियमित येत होता, आणि सभासदासमोर उभं राहण्याचं दर महिन्याचं निमित्त संपलं होतं. या प्रकरणाची किल्ली इथे आहे.

*वर्गणीची फेररचना.* सगळीच कपात बंद करायची की नाही यावर मोठा वाद झाला. १७१ गुणिले ५० म्हणजे ८,५५० रुपये महिन्याला. ते अर्ध्यावर आले तर वकिलाची फी, छपाई, प्रवास कुठून करणार? तोडगा निघाला: ४० रुपये कपातीने, १० रुपये हातोहात. कपातीची रक्कम बदलायची तर प्रत्येकाची नवी लेखी संमती हवी. हे काम किचकट वाटलं, पण प्रत्येक सभासदाशी एकदा बोलावं लागलं ते त्यामुळेच. संमतीपत्र मराठीत एका बाजूला, कन्नडमध्ये दुसऱ्या बाजूला छापलं.

*गटप्रमुख.* नऊ-दहा सभासदांमागे एक, असे १८: मोल्डिंग पाच, फेटलिंग चार, कोअर शॉप तीन, फर्नेस दोन, नॉकआउट-वाळू दोन, बाकीचे दोन. काम तीनच: महिन्यातून एकदा दहा रुपये घेऊन पावती फाडणं, एक ठरलेला प्रश्न विचारून उत्तर स्थळप्रतीमागे लिहिणं, आणि युनियनचा निरोप पोचवणं. रक्कम पंधरा तारखेच्या आत खजिनदाराकडे. भाषण करता येणं ही अट नव्हती.

प्रश्न कसा विचारायचा याला सगळ्यांत जास्त वेळ दिला, आणि तो वाया गेला नाही. “काही अडचण आहे का?” असं विचारलं की उत्तर येतं, “काही नाही, बरं चाललंय.” म्हणून प्रश्न असे ठरले: गेल्या महिन्यात खाडा कशामुळे पडला? पाळी सुटल्यापासून गेटबाहेर पडेपर्यंत किती वेळ लागला? शेवटचे हातमोजे कोणत्या तारखेला मिळाले? तारीख, वेळ, संख्या मागणाऱ्या प्रश्नाला माणूस आठवून उत्तर देतो.

*दोन भाषा.* आधी सभा मराठीत व्हायची आणि शेवटी कोणीतरी पाच मिनिटांत कन्नडमध्ये सार सांगायचं. तोपर्यंत फेटलिंगचे लोक उठून गेलेले असायचे. नवा नियम: प्रत्येक विषय आधी एका भाषेत, लगेच दुसऱ्या भाषेत, आणि सुरुवात कोणत्या भाषेत करायची ते आलटून पालटून. वेळ दुप्पट लागतो, म्हणून एका बैठकीत तीनच विषय. कारखान्याच्या नोटिसा कन्नड आणि इंग्रजीत लागतात. पन्नाशीच्या मराठी कामगारांना दोन्ही वाचता येत नाहीत. नव्या पिढीच्या मुलांना शाळेमुळे कन्नड येतं. नोटीस लागली की जेवणाच्या सुट्टीत ती मराठीतून वाचून दाखवायची, हे काम अशा सहा तरुणांकडे दिलं. जे कधी युनियनच्या वाटेला गेले नव्हते ते या कामातून आत आले.

सीमाप्रश्नाबद्दल प्रत्येकाचं मत असतं आणि ते असण्यात गैर काही नाही. पण एकाच भट्टीसमोर एक जण १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारा आणि दुसरा राज्योत्सवाला जाणारा असतो. युनियनच्या व्यासपीठावर हा विषय काढायचा नाही आणि २५ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर या काळात कोणतीही बैठक ठेवायची नाही, असा ठराव लिहून घेतला. असा ठराव तोंडी ठेवून चालत नाही.

*सभा.* संध्याकाळची एक सभा बंद. त्याऐवजी पाळी बदलताना गेटबाहेर वीस मिनिटांच्या बैठका, पावणेतीन ते सव्वातीनच्या दरम्यान आणि रात्री अकरानंतर. कोअर शॉपमध्ये डब्याच्या वेळी.

पहिला विषय कोणता घ्यायचा

तीन महिन्यांच्या नोंदी मांडल्यावर चार तक्रारी वर आल्या: अंग धुण्याची जागा, फेटलिंगचा नग, हातमोजे-मास्क, रजेचा हिशेब. फेटलिंगचे लोक अर्थातच नगावर अडून होते. कमिटीने आधी धुण्याची जागा घेतली. कारण स्पष्ट होतं: नगाचं कलम कराराशी बांधलेलं, ते करारातच सुटणार. धुण्याच्या सोयीची जबाबदारी कारखाना कायदा १९४८ च्या कलम ४२ ने मालकावर होती, त्यासाठी वाट पाहायची गरज नव्हती. शिवाय काळी वाळू अंगावर घेऊन घरी जाणं सगळ्या खात्यांना सारखंच लागू.

सहा नळ, त्यांतले दोन कोरडे. रात्री अकराला सुटणारे चाळीस जण. गटप्रमुखांनी सलग सात रात्री घड्याळ लावून नोंद केली: रांगेतल्या शेवटच्या माणसाला हात धुऊन बाहेर पडायला किती मिनिटं. सरासरी २५ आली. तो तक्ता जोडून १३३ सह्यांचं पत्र दिलं. बारा दिवसांनी उत्तर आलं, पाच आठवड्यांत आठ नवे नळ बसले. गरम पाण्याची मागणी नाकारली गेली. नळ बसवले त्या दिवशी फेटलिंगच्या चौघांनी आपणहून मागच्या महिन्यांची वर्गणी आणून दिली.

नगाच्या कलमासाठी फेटलिंगच्या कामगारांनी स्वतः चार आठवडे वही ठेवली. सहा प्रकारची कास्टिंग, प्रत्येकाचं वजन, ग्राइंडिंगला लागलेली मिनिटं, चाक बदलायला गेलेला वेळ. मागणीपत्रातला तो परिच्छेद त्या वहीवरून, त्यांच्याच समोर लिहिला.

काय बिघडलं

पहिल्या महिन्यात दहा रुपये १०४ जणांकडूनच आले. गटप्रमुख खात्याप्रमाणे नेमले होते, पण पाळ्या दर आठवड्याला फिरतात. गटप्रमुख पहिल्या पाळीला आणि त्याचे निम्मे लोक रात्रपाळीला, अशी चुकामूक. याद्या पाळीच्या तुकडीप्रमाणे नव्याने केल्यावर तिसऱ्या महिन्यात आकडा १३९ वर गेला.

कोअर शॉपचे तिन्ही गटप्रमुख सुरुवातीला पुरुष होते. बायकांकडून प्रत्येक प्रश्नाला “बरं आहे दादा” एवढंच उत्तर. दोन महिन्यांनी त्यांतल्याच एकीकडे पावतीपुस्तक दिलं. पहिल्याच आठवड्यात डबे उघडे असताना कळलं की बायकांचं स्वच्छतागृह यार्डाच्या पलीकडे आहे, दाराला आतून कडी नाही, म्हणून कित्येक जणी दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. भट्टीच्या कारखान्यात, एप्रिल-मेमध्ये. ही गोष्ट पुरुष गटप्रमुखाला कधीच सांगितली गेली नसती. निपाणीत तंबाखूच्या वखारींतल्या बायांनी १९८० च्या आसपास संघटना उभी केली, ते उदाहरण इथून तासाभराच्या वाटेवरचं आहे. तरीही बायका पुढे येत नाहीत हे वाक्य कमिटीत बिनधास्त बोललं जात होतं.

कार्तिकात वसुली ८८ वर घसरली. भाताची सुगी होती. खानापूर, येळ्ळूर, उचगाव भागातला कामगार तेव्हा रजा टाकून शेतात असतो. गटप्रमुखांना वाटलं लोक पुन्हा पाठ फिरवतायत, दोघांनी पुस्तकं परत केली. सुगीत बैठका नाहीत आणि दोन महिन्यांची वर्गणी एकदम घ्यायची, असं ठरवल्यावर पौषात आकडा १४६ झाला.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने मनस्ताप दिला. १ नोव्हेंबरच्या आदल्या रात्री दोन्ही बाजूंनी संदेश पडायला लागले. सकाळपर्यंत ११ जण बाहेर पडले. त्यानंतर फक्त सचिव आणि खजिनदारच टाकू शकतील अशी सोय केली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

संरक्षित कामगारांची यादी

मागणीपत्र देण्याआधीचा हा निर्णय छोटा दिसतो, पण गटप्रमुखांचा विश्वास त्यावर ठरला. वाद चालू असताना संरक्षित कामगाराला, तो वाद ज्याच्यापुढे चालू आहे त्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय काढता येत नाही. अशी नावं एकूण कामगारांच्या एक टक्का, पण किमान पाच देता येतात. म्हणजे इथे पाचच. प्रथेप्रमाणे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि दोन ज्येष्ठ यांची नावं जायची. या वेळी सचिवाने स्वतःचं आणि दोन्ही ज्येष्ठांचं नाव काढून फेटलिंगचे दोन आणि कोअर शॉपची एक गटप्रमुख घातली. ज्याच्यावर आधी वार होईल त्याला ढाल, हा हिशेब.

निष्पत्ती

कराराचा मसुदा इंग्रजीत होता. तो सही होण्याआधी तीन पाळ्यांच्या तीन बैठकांत ओळीओळीने दोन्ही भाषांत वाचला. मग पेटी ठेवून गुप्त मतदान. १६५ सभासदांपैकी १५८ जणांनी मत दिलं: बाजूने १२१, विरुद्ध ३४, बाद ३. नगाची पद्धत पूर्ण गेली नाही, पण कास्टिंगचे वजनावर तीन वर्ग झाले आणि प्रत्येकाचा नग वेगळा ठरला. कोअर शॉपला लागून स्वच्छतागृह झालं. पगारवाढ मागितली त्याहून बरीच कमी मिळाली. विरुद्ध गेलेली ३४ मतं बहुतेक त्यावरची.

कपात थांबवणाऱ्या १९ पैकी १३ परत आले, सहा आले नाहीत. १८ पैकी १३ गटप्रमुख वर्षानंतरही काम करत होते. गळालेल्यांतला एक सुपरवायझर झाला. चांगलं बोलणारा, हिशेबी माणूस मालकाच्याही नजरेत भरतो. प्रत्येक गटप्रमुखामागे एक जोडीदार तयार ठेवायचा, हे त्यानंतर सुचलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिले गटप्रमुख कमिटीने नेमले. फेटलिंगमध्ये त्यांना ‘कमिटीची माणसं’ म्हटलं गेलं आणि दोन महिने फुकट गेले. दहा जणांना बसवून त्यांच्याकडूनच नाव घेतलं असतं तर माणूस कदाचित तोच निघाला असता, पण त्याचं वजन वेगळं असतं.

प्रशिक्षण म्हणून एक संध्याकाळ झाली, ती कमी पडली. तक्रार लिहिताना कोण, कधी, कोणत्या मशीनवर, कोणासमोर, आधी कोणाला सांगितलं, एवढ्या पाच गोष्टी लागतात. निम्म्या स्थळप्रतींवर ‘सुपरवायझर त्रास देतो’ एवढंच लिहिलेलं होतं. त्याचं पुढे काहीच करता आलं नाही.

सभासदांची यादी दर सहा महिन्यांनी तपासायची सवय आधीच लावायला हवी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. एकाहून अधिक युनियन असतील तिथे एकमेव वाटाघाटीचा मान मिळवायला हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा दाखवावा लागतो. कोणालाच तेवढा नसेल तर किमान २० टक्के असलेल्या युनियनांची वाटाघाटी परिषद होते. ज्याच्याकडे दर महिन्याच्या पावत्यांच्या स्थळप्रती आहेत त्याला ही मोजणी जड जाणार नाही.

सगळ्यांत मोठी उणीव ठेकेदाराकडच्या ९० जणांची. तीच भट्टी, तीच धूळ, आणि नव्या नळांवरही त्यांनी शेवटी उभं राहायचं. युनियनच्या घटनेत सभासद होण्यासाठी ‘कायम कामगार’ असा शब्द आहे. तो बदलायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधकाकडे नोंद लागते. दुरुस्तीचा मसुदा दोन्ही भाषांत तयार झाला आहे. सुगी संपली की तीन पाळ्यांच्या बैठकांत तो वाचला जाईल, आणि कायम कामगारांपैकी निम्म्यांचा त्याला विरोध आहे. आपली पगारवाढ यांच्यामुळे अडेल, ही भीती आहे. गटप्रमुखांनी या महिन्याचा प्रश्न तोच ठेवला आहे: तुमच्या शेजारी उभा राहणाऱ्या ठेक्याच्या कामगाराला रोज किती मिळतात?